रिव्हर्समधलं अंगण

१

मोंबासा बंदरापासून चांगाम्वेपर्यंत कुठल्याही ड्रायव्हरसमोर अथमानचं नाव काढा. तो आधी हातातली सिगरेट विझवेल आणि मगच बोलेल. उभी हयात या माणसाने ट्रक हाकले, मग टॅक्सी हाकली, आणि गाडीवर ओरखडा म्हणून कधी येऊ दिला नाही. एकदा मोठ्या रस्त्यावर कंटेनर आडवा होऊन अख्खं शहर अडकलं होतं. त्या दिवशी या पठ्ठ्याने नवरी, नवरीच्या चार मावश्या आणि पुलावाचं पातेलं अशा बोळांतून लग्नघरी पोचवलं, की त्या मावश्यांना ते बोळ पुन्हा काही सापडले नाहीत.

आणि हा माणूस गेल्या वर्षी कोंगोवेयाच्या बाजारातून घरी यायचा रस्ता विसरला.

त्याची बायको सौमू शोधत शोधत गेली, तेव्हा तो टोमॅटोवाल्यांच्या रांगेपाशी गाडीत बसून होता. दोन्ही हात स्टेअरिंगवर, पाठ ताठ. तिला बघून म्हणाला, "आलीस? मी म्हटलं, गर्दी जरा कमी होऊ दे." सौमूने हो म्हटलं आणि शेजारी बसली. मग सहजच बोलल्यासारखं करत "आता इथून डावीकडे ना?" असं विचारत विचारत तिनेच त्याला मिकिंदानीला, खाडीकाठच्या घरी आणलं. दुसऱ्या दिवशी ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे वाढतच जाणार. नैरोबीहून मुलीचा, तिमाचा, फोन आला, "आई, किल्ली काढून घे त्यांच्याकडून."

"आणि मग त्यांच्याकडे उरलं काय गं?" सौमू म्हणाली. "किल्ली काढली तर खुर्चीत बसवून ठेवलेलं गाठोडं होईल त्यांचं. हात अजून पक्के आहेत. नजर पक्की आहे. फक्त रस्ते निसटतात."

"फक्त रस्ते? आई, ड्रायव्हर आहेत ते!"

सौमूने फोन ठेवला. पण तिने मनाशी एक गोष्ट पक्की केली होती. हा माणूस आपल्या पायांनी घरी येत राहिला पाहिजे. रोज. बाकी काहीही विसरो.

२

जुनी टॅक्सी विकून त्यांनी जहाजातून उतरलेली एक राखाडी ऑटोमॅटिक जपानी गाडी घेतली. आमच्याकडे सगळेच घेतात. गाडी चालू केली की आतली बाई जपानीत काहीतरी गोड बोलते, पडद्यावर चिमुकल्या झोपड्यांसारखी अक्षरं उमटतात आणि नकाशात आपली गाडी भर समुद्रात उभी दिसते. त्याचं कुणाला काही वाटत नाही. सौमूला मात्र तो पडदा हवा होता, आणि तोही इंग्रजीत. फोन अथमान कुठेही विसरून यायचा. गाडीला जखडलेला पडदा कुठे विसरणार?

पण त्याआधी तिने आमच्या गावात निम्म्या लोकांनी केलेली चूक केली. पडद्याखालच्या खाचेतलं नकाशाचं कार्ड तिने उपसून काढलं. जपानचा नकाशा काय चाटायचाय, असं म्हणत ते पुसलं आणि त्यात अथमानची आवडती तारबची, आमच्या किनाऱ्यावरची, गाणी भरली. कार्ड परत घातलं तर पडदा काळा! त्यावर चार चौकोन आले, आकडे मागायला लागले, आणि काही केल्या हटेनात.

न्यामावीने ते पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मागुपाच्या चढावर बॅटरीवाल्याच्या शेजारी त्याची एवढीशी खोली आहे. परदेशी गाड्यांचे पडदे तो इंग्रजीत करून देतो. तिशीचा असेल, पण हात असा की सोनार बघत राहील.

"तिमाची आई, तुम्हीसुद्धा? गाणीच ऐकायची होती तर मला बोलवायचं होतंत. मी गातो बरा."

"गाढवासारखा गातोस. हे नीट कर आधी."

"हे नीट होत नाही. पडदा आणि कार्ड म्हणजे नवरा-बायको. एक गेलं की दुसरं अबोला धरतं, मेलं तरी तोंड उघडत नाही. आता जोडीच बदलायची. बघा, ही आहे एक. पडदाही आहे आणि त्याचं स्वतःचं कार्डही."

ती जोडी त्याने एका अर्ध्या गाडीतून काढली होती. जपानात जुन्या गाड्या मधोमध कापतात आणि पुढचे अर्धे भाग कंटेनरमधून आमच्याकडे पाठवतात. इंजिन, दिवे, पडदा सगळं पुढेच असतं ना.

"आणि मागचा भाग?" सौमूने सहज विचारलं.

"तो तिकडेच राहतो. त्याला कोण विचारतंय?"

मग तो कामाला बसला. सौमू कॉफी हातात धरून बघत राहिली आणि कॉफी प्यायची विसरली. काय ते काम! पातळ पट्टीने त्याने भोवतीची चौकट एकही चाप न मोडता उचकटली. केसाएवढ्या तारा वेगळ्या केल्या. पडद्याच्या पोटात हात घालून जपानी अक्षरं एकेक पान करत इंग्रजी केली. वर आपल्या देशाचा नकाशा चढवला, एकेक बोळ असलेला. मागचा कॅमेरा जोडला. शेवटी तो अथमानला म्हणाला, "बाबा, आता तुमचं घर सांगा. मी कायमचं नोंदवतो."

अथमान गडबडला. त्याच्या चेहऱ्यावरून एक सावली सरकून गेली, ती फक्त सौमूला दिसली. "मिकिंदानी," ती पटकन म्हणाली, "खाडीच्या उताराला लागून. हिरवं दार."

न्यामावीने बोट दाबलं. पडद्यावर छोटंसं घर उमटलं आणि स्वच्छ, शांत आवाजात बाई इंग्रजीत म्हणाली, तुमचं घर नोंदवलं आहे.

"बघा," न्यामावी म्हणाला, "आधीच कुठलंतरी घर होतं यात. दोनदा पुसलं तेव्हा गेलं. चिवट होतं लेकाचं."

३

आणि खरंच, देवच पावला.

सकाळी अथमान माहामरी, म्हणजे गोडसर तळलेल्या पुऱ्या, आणि नारळाच्या दुधातली तूर खाऊन बाहेर पडायचा, ओळखीच्या चार हॉटेलांची गिऱ्हाइकं विमानतळावर सोडायचा आणि घराचं बटण दाबायचा. दुपारच्या अजानीनंतर हिरव्या दारासमोर हॉर्न वाजायचाच. महिन्याभरात तो दहा वर्षांनी तरुण दिसायला लागला. नव्या पिढीच्या ड्रायव्हरांना पुन्हा टोमणे मारायला लागला.

"ही बाई सोन्यासारखी आहे बघ," पडद्याकडे बोट दाखवून तो म्हणायचा. "चुकलं तर ओरडत नाही. म्हणते, हरकत नाही, पुढून वळा. तू कधी म्हणालीस गं असं?"

"मी म्हणाले असते, पण तुम्ही चुकायचात कुठे?"

हे बोलून गेल्यावर तिने त्याच्याकडे चोरून पाहिलं. मग तो हसला म्हणून तीही हसली.

सौमूला त्या आवाजाचं फार कौतुक वाटायचं. केवढा तो धीर! एकच वळण हजारदा सांगेल, पण तितक्याच मायेने. नमाजानंतर ती त्या बाईसाठीही दुआ मागायची. लोक हसले असते, म्हणून कुणाला सांगितलं नाही, एवढंच.

पहिली गोष्ट दिसली ती फेब्रुवारीच्या भर उन्हात. अथमान गाडी लावत होता आणि सौमू शेजारी बसली होती. आमचे जुने ड्रायव्हर गाडी नेहमी उलटी लावतात, तोंड बाहेर, म्हणजे निघताना खोळंबा नको. त्याने रिव्हर्स टाकला आणि पडद्यावर मागचं चित्र आलं. बोळ पांढराशुभ्र होता.

"चुना सांडलाय वाटतं कुणाचातरी," सौमू म्हणाली आणि खाली उतरून मागे गेली. बोळात नेहमीची लाल माती होती, शेजारणीची कोंबडी होती. ऊन पडलं असेल काचेवर. तिने पदराने कॅमेरा पुसला.

परत येऊन बसली तेव्हा अथमानने गाडी बंद केली होती आणि काळ्या पडद्याकडे टक लावून बसला होता.

"किती साठलंय," तो म्हणाला. "काढायला हवं. दार उघडणार नाही."

"काय साठलंय?"

"हं?" त्याने तिच्याकडे पाहिलं. "काही नाही. भूक लागलीय."

४

यानंतर लहानसहान गोष्टी होत गेल्या. एकेक घेतली तर हसून सोडून द्यावी अशी.

गाडीतून उतरताना तो चपला काढायला लागला. दाराशी नव्हे, गाडीपाशी. दोन्ही नीट जुळवून, टाचा गाडीकडे, बोटं बाहेर. घरी आल्यावर उंबऱ्यात उभा राहून वाकायचा, जरासाच. सौमूने विचारलं तर म्हणायचा, पाठ धरलीय.

घरात त्याचे कान सारखे कशाला तरी लागलेले असत. एका दुपारी ती तांदूळ निवडत असताना तो म्हणाला, "ऐकलंस? छपरावरून घसरलं." आमच्याकडे छपरांवर पत्रा असतो, त्यावर आंबा पडला तरी गल्लीला कळतं. तिने काहीच ऐकलं नव्हतं. टीव्हीवर बघितलं असेल कुठलंतरी, तिने स्वतःला समजावलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं की असं होतं.

पण डॉक्टरीणबाईंनी हे नव्हतं सांगितलं, की त्याला आठवायला लागेल.

"पुलानंतर बोगदा," तो डोळे मिटून म्हणायचा, आणि त्याचे हात हवेतलं स्टेअरिंग फिरवायचे. "बोगद्यातून बाहेर पडलं की एकदम उजेड. मग डावीकडे लाल पेटी. तिथे सावकाश, कारण म्हातारी सायकलवरून येते. मग चढ. मग आलंच."

मोंबासात असा बोगदा नाही. सौमूने हे त्याला सांगितलं नाही, कारण तो इतकं सुरेख सांगत होता! अगदी पूर्वीसारखं. एकही खाचखळगा न विसरता, छाती काढून. किती दिवसांनी तिला तो अथमान दिसत होता, ज्याच्यासाठी ड्रायव्हर सिगरेट विझवायचे. तिला आनंद झाला. आणि मग त्या आनंदाची भीती वाटली. कारण त्याच संध्याकाळी त्याने तिमाचं नाव विचारलं. "ती पोरगी, फोन करते ती, कोण गं?"

म्हणजे एकीकडून भरत होतं आणि दुसरीकडून रिकामं होत होतं.

दुसऱ्या दिवशी ती न्यामावीकडे गेली. अथमान बाहेर बॅटरीवाल्याशी गप्पा मारत उभा राहिला. न्यामावीने सगळं ऐकून घेतलं, हसला नाही. पडदा चालू करून घर उघडलं. मिकिंदानी, खाडीचा उतार, सगळं जागच्या जागी.

"बरोबर आहे हे. बघा ना."

"रिव्हर्स टाक."

त्याने टाकला. पडद्यावर मागची भिंत दिसली, भिंतीवरचं फुटबॉलचं चित्र दिसलं. दोघांनी सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात त्या भिंतीपुढून डावीकडून उजवीकडे काहीतरी पांढरं, हलकं, तुकड्यातुकड्यांनी खाली येत गेलं. कापूस पिंजताना उडतो तसं. न्यामावी गाडीतून उतरून मागे धावला. सौमूने त्याला मागच्या काचेतून पाहिलं. तो भिंतीपाशी उभा होता, हात पसरून, आणि वर बघत होता. आभाळ निरभ्र होतं. पडद्यावर मात्र तो नव्हताच. भिंत होती, पांढरं पडत होतं आणि माणूस नव्हता.

तो परत आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. "काढून टाकतो," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. तुम्हाला दुसरा बसवून देतो. सापडला की."

"कधी सापडेल?"

"या गाडीला लागणारा... आठवडा, महिना. सांगता येत नाही."

"आणि तोवर?"

"तोवर बाबांना घरी बसवा, तिमाची आई."

सौमूने बाहेर पाहिलं. अथमान बॅटरीवाल्याला हातवारे करून कुठलंतरी वळण समजावून सांगत होता. बॅटरीवाला तोंड उघडं टाकून ऐकत होता. उन्हात अथमानची नक्षीची टोपी चमकत होती. घरी बसवलं की हे सगळं संपणार. पडदा ठेवला तर तो जातोय, आणि काढला तरी जाणारच. निदान आत्ता उभा तरी आहे, ताठ.

"राहू दे," ती म्हणाली. "रोज घरी आणते ना ती बाई. आणतेय तोवर राहू दे."

"पण कोणाच्या घरी?" न्यामावी हळूच म्हणाला.

ती उठली आणि अथमानला हाक मारायला बाहेर गेली.

५

पुढच्या शुक्रवारी दुपारची अजान होऊन गेली तरी हॉर्न वाजला नाही. ताटावर ताट झाकून सौमू दारात उभी राहिली. मग तिने न्यामावीला फोन लावला. तो मोटरसायकलवर आला आणि तिला मागे बसवून निघाला. लांब जावं लागलंच नाही. घरामागून खाडीकडे जो उतार जातो, जिथे पूर्वी होड्या लागायच्या, तिथे तिवरांच्या मधोमध राखाडी गाडी उभी होती. तोंड वर घराकडे, पाठ पाण्याकडे. इंजिन चालू. आत कुणी नाही.

ड्रायव्हरच्या दाराशी चपला होत्या. नीट जुळवलेल्या, बोटं बाहेर.

"बाबा!" न्यामावी ओरडला. "बाबा हो!" तिवरांतून बगळे उडाले. तो काठाने धावत गेला, चिखल तुडवत, आणि तसाच परत आला. त्याच्या पावलांचे खड्डे मागे उमटत गेले होते. बाकी चिखल सारवलेल्या ओट्यासारखा गुळगुळीत होता. गाडीच्या मागे नाही, बाजूला नाही, चपलांच्या पुढे नाही. एकही पाऊल नाही.

सौमूने ते पाहिलं आणि तिला रडू आलं नाही. तिला राग आला. त्या गोड आवाजाचा, स्वतःचा, झाकून ठेवलेल्या ताटाचा.

"भरती येतेय," न्यामावी म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "गाडी वर घ्यायला हवी. मी पलीकडच्या होडीवाल्यांना बोलावतो, पाण्यात बघायला. तुम्ही घ्याल ना गाडी वर?"

"घेते," ती म्हणाली. अथमाननेच शिकवली होती तिला, लग्नानंतर, बंदराच्या रिकाम्या मैदानात.

ती आत बसली. सीट अजून कोमट होती. गाडी रिव्हर्समध्येच होती, वर हँडब्रेक ओढलेला. तिने ब्रेकवर पाय ठेवला, हँडब्रेक खाली केला आणि गिअरच्या दांड्यावर हात ठेवला. पुढे टाकायचं आणि चढ चढायचा, इतकंच काम होतं.

तेव्हा तिची नजर पडद्यावर गेली.

अंगण होतं. पांढरं, जाड थर साचलेलं, आणि त्यातून काढलेली एक अरुंद वाट. वाटेच्या टोकाला बुटक्या वळचणीचं घर. त्याचं दार बाजूला सरकवलेलं होतं आणि आत पिवळा दिवा जळत होता. दारात कुणीतरी वाकून उभं होतं, चेहरा दिसत नव्हता. आणि त्या वाटेवरून अथमान चालत होता. नक्षीची टोपी, इस्त्रीचा सदरा. कोंगोवेयाच्या बाजारातला अथमान नव्हे. घराचा रस्ता पाठ असलेल्या माणसासारखा, न अडखळता, खांदे मागे टाकून. किती देखणा चालत होता तो!

तिने मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं. तिवरं. चढत आलेलं तपकिरी पाणी. बास.

पुन्हा पडदा. गिअर बदलला की हे चित्र जाणार, हे तिला ठाऊक होतं. रिव्हर्स आहे तोवरच ते आहे. तिचा हात दांड्यावर तसाच राहिला.

"तिमाची आई!" न्यामावी काठावरून ओरडत होता. "पुढे घ्या! पाणी चाकांना लागतंय!"

पडद्यात अथमान थांबला होता. दारातल्या माणसाशी काहीतरी बोलला आणि मग मागे वळला. सरळ तिच्याकडे. त्याने तिला ओळखलं. हे तिला कुणी सांगायला नको होतं. वर्षभर ज्या नजरेची ती वाट बघत होती, तीच नजर होती ती. त्याने दोन्ही हात वर केले आणि बोटं आत मोडून बोलवायला लागला, ड्रायव्हर दुसऱ्याची गाडी मागे घेतो तसा. ये. ये. सरळ धर. अजून ये.

"गिअर बदला!" न्यामावी चिखलातून धडपडत येत होता. त्याने काचेवर थाप मारली. "अहो, काय बघताय? मागे पाणी आहे!"

सौमूला ऐकू येत होतं. तिला न्यामावीचा लाल झालेला चेहरा दिसत होता, चाकांभोवतीची खळखळ ऐकू येत होती. पाणी आहे, हे तिलाही कळत होतं. पण बंदराच्या मैदानात, नंतर घरच्या बोळात आणि मग जन्मभर, अथमान गाडीमागे उभा राहून असाच हात करायचा आणि ती त्याच्या हातांकडे बघून गाडी मागे घ्यायची. भिंतीला कधी साधा बंपर टेकला नव्हता.

त्याने उजवा हात जरासा तिरका केला. किंचित डावीकडे घे, म्हणजे. तिने स्टेअरिंग किंचित डावीकडे घेतलं आणि ब्रेकवरचा पाय हळूहळू, त्याने शिकवला होता तसाच, सैल सोडला.